लाईट गेली आणि फाइल ० बाइट: जुन्या कन्सोलवरचा डाउनलोडर सुधारायचा म्हणजे नेमकं काय?

आमच्या टीव्हीखाली एक पांढरा, सडपातळ डबा उभा आहे. निन्टेंडो वी, म्हणजे टीव्हीवर खेळ खेळायचं यंत्र. मामाने न्यू जर्सीहून आणलेला, त्यामुळे अमेरिकेच्या १२० व्होल्टवर चालणारा. म्हणून शेजारी विटेएवढा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घरघरत असतो. गेल्या मे महिन्यात त्यावर एका छोट्या होमब्रू ॲपची नवी आवृत्ती उतरवत होतो. पट्टी ८० टक्क्यांच्या पुढे गेली आणि लाईट गेली.

पाऊण तासाने आली. मेनूत ॲपचं चित्र दिसत होतं, पण दाबलं तर काहीच सुरू होईना. एसडी मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. फाइल जागेवर, नाव बरोबर, आकार मात्र ० बाइट. जुनी आवृत्ती पुसली गेलेली, नवी आलेलीच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं राहिलं.

लाईट जाणं आपल्या हातात नाही. पण लाईट गेल्यावर कार्डावर काय शिल्लक राहील, हे डाउनलोड करणारं ॲप लिहिणाऱ्याच्या हातात असतं. असं ॲप सुधारायचं म्हटलं की लोक नवी थीम, मोठी चित्रं, पार्श्वसंगीत सुचवतात. माझं म्हणणं वेगळं आहे: आधी काम अर्धवट राहिलं तर काय होतं ते बघा.

होमब्रू म्हणजे काय?

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं किंवा हातात धरायचं खेळांचं यंत्र. त्यावर कंपनीने मंजूर केलेलेच प्रोग्राम चालावेत, अशी कुलपं आतच बसवलेली असतात. कंपनीच्या परवानगीशिवाय, हौशी लोकांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामना होमब्रू म्हणतात. बाटलीबंद लोणचं आणि घरी घातलेलं लोणचं यात जो फरक, तोच इथे. चव कधी जास्त चांगली, कधी खारट, आणि बरणीवर लेबल नाही.

वीचं कुलूप उघडलं ती गोष्ट गमतीची आहे. झेल्डा मालिकेतल्या एका खेळात आपल्या घोड्याला नाव देता येतं. टीम ट्वीझर्स या गटाने २००८ मध्ये त्या खेळाची अशी सेव्ह फाइल (प्रगती साठवणारी फाइल) बनवली की घोड्याचं नाव ठेवलेल्या जागेत मावेनासं लांब झालं. उतू गेलेला मजकूर शेजारच्या मेमरीत सांडला आणि यंत्र तोच मजकूर आज्ञा म्हणून पाळू लागलं. त्याच वर्षी ‘होमब्रू चॅनल’ आलं. वीच्या मेनूतला हा चौकोन उघडला की एसडी कार्डावरचं ‘ॲप्स’ नावाचं फोल्डर वाचलं जातं. प्रत्येक प्रोग्रामचं एक उपफोल्डर, त्यात मूळ प्रोग्राम, एक छोटं चित्र, आणि नाव-लेखक-आवृत्ती लिहिलेली एक चिठ्ठी. बस.

कंपनीचं दुकान बंद झालं, मग?

वीचं अधिकृत ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं. निन्टेंडोच्याच ३डीएस आणि वी यू या यंत्रांवरची खरेदी २७ मार्च २०२३ ला थांबली, आणि ८ एप्रिल २०२४ ला त्यांची ऑनलाइन खेळण्याची सोयही गेली. वी जगभरात १० कोटींहून जास्त विकली गेली होती. इतक्या लोकांकडचा डबा एका दिवसात मुका झाला म्हणा ना.

हौशी लोकांनी मात्र स्वतःची वाचनालयं आधीपासून थाटली होती. वीवर ‘होमब्रू ब्राउझर’ होता. आज ‘ओपन शॉप चॅनल’ हा स्वयंसेवकांचा उपक्रम वीसाठी प्रोग्रामची सूची आणि फायली पुरवतो. ३डीएसवर ‘युनिव्हर्सल अपडेटर’, निन्टेंडोच्या स्विच आणि वी यूवर ‘होमब्रू ॲप स्टोअर’, प्लेस्टेशन व्हिटावर ‘व्हिटाडीबी डाउनलोडर’. कोणी पैसे मागत नाही. सूचीतून निवडा, बटण दाबा, फाइल कार्डावर येते.

यालाच मी इथे डाउनलोडर म्हणतोय.

कम्प्युटरवरून कार्डात कॉपी केलं तर काय बिघडतं?

काहीच नाही. कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, फाइल टाका, परत लावा. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण वीचं कार्डाचं झाकण दर वेळी नखाने उघडावं लागतं, आणि आता कित्येक घरांत फोन आहेत, कम्प्युटर नाही. शिवाय कोणत्या ॲपची नवी आवृत्ती आली हे हाताने कोण तपासणार?

ते तपासण्यातही एक खाच आहे. नवशिका विकासक प्रत्येक ॲपसाठी गिटहबला (प्रोग्राम लिहिणारे आपलं काम ठेवतात ती साइट) स्वतंत्र विचारणा करतो. लॉगिन न करता गिटहब एका इंटरनेट पत्त्याला तासाला ६० विचारण्या देतं. कार्डावर ८० ॲप असतील तर शेवटच्या वीसांचं उत्तर येतच नाही. आपल्याकडे तर मोबाइल इंटरनेटवर एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, म्हणजे कोटा भलत्यानेच संपवलेला असू शकतो. म्हणून शहाणे डाउनलोडर सगळ्या ॲपची ताजी माहिती एकाच सूचीफाइलमध्ये ठेवतात आणि ती एकदाच आणतात. गावातल्या प्रत्येक घरी जाऊन चौकशी करण्यापेक्षा चावडीवरचा फलक वाचावा, तसं.

मोठ्या टाकीत बादलीने पाणी

आता आतलं यंत्र बघू. वीची काम करतानाची मेमरी (रॅम) ८८ मेगाबाइट. आजच्या साध्या स्मार्टफोनमध्ये याच्या कितीतरी पट असते. उतरवायची फाइल १०० मेगाबाइटची असेल तर ती मेमरीत धरून ठेवताच येत नाही. थोडं आणायचं, कार्डावर ओतायचं, परत आणायचं. बादली-बादलीने टाकी भरण्याचाच प्रकार.

टाकी भरली तरी काम संपत नाही, कारण फाइल बहुधा झिप केलेली असते. झिप म्हणजे अनेक फायली दाबून एकात बांधलेलं गाठोडं, आणि ते सोडवायला वेळ लागतो. बरेच डाउनलोडर पट्टी १०० टक्के दाखवतात ती उतरवण्याची. सोडवणं अजून चाललेलंच असतं. लोकांना वाटतं झालं, आणि ते बंद करतात. इथली सुधारणा एका ओळीची आहे: ‘फाइल आली, आता उलगडतोय, बंद करू नका.’ फुकटात मिळणारी सुधारणा, तरी कोणी करत नाही.

झिपची अनुक्रमणिका गाठोड्याच्या शेवटी असते, हेही लक्षात ठेवायचं. शेवटचा तुकडा आला नाही तर आत काय-काय आहे याची यादीच हाती नसते.

ताळा करून पाहिलात का?

शाळेत उदाहरण सोडवल्यावर गुरुजी विचारायचे, ताळा केलास का? फायलींनाही ताळा असतो. संपूर्ण फाइलवर एक ठरावीक गणित चालवलं की एक लांबलचक आकडा निघतो. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा पार बदलतो. सध्या चलनात असलेल्या शा-२५६ या पद्धतीचा ताळा ६४ चिन्हांचा असतो. सूचीत प्रत्येक ॲपपुढे ताळा लिहून ठेवायचा, फाइल उतरली की आपण काढायचा, जुळला तर पुढे.

‘आकार जुळला की पुरे’ असं म्हणणारे भेटतात. पण आकार बरोबर आणि आतला मजकूर भलताच, असं होऊ शकतं, आणि जुन्या एसडी कार्डांवर ते होतं.

जुन्या घराची किल्ली कधी द्यायची?

आता माझ्या ० बाइटच्या फाइलकडे येतो. तो डाउनलोडर करत काय होता? जुनी फाइल उघडायची, तिचा मजकूर पुसायचा, त्याच जागी नवा लिहायला घ्यायचा. एसडी कार्डावर फॅट नावाची जुनी फाइलव्यवस्था असते. तिच्यात एक नोंदवही असते: कुठली फाइल, किती मोठी, कुठून सुरू. फाइलचा खरा आकार या वहीत बहुधा अगदी शेवटी, फाइल बंद करताना चढवला जातो. त्याआधी वीज गेली की वहीत ० राहतो. मजकूर कार्डावर कुठेतरी पडलेला असतो, पण बेवारस. विंडोजवर कार्ड तपासलं की ‘फाइल०००० डॉट सीएचके’ अशा नावाच्या फायली उगवतात ना, ती हीच बेवारस प्रेतं.

भाड्याचं घर बदलताना आपण नव्या घराची किल्ली हातात आल्याशिवाय जुन्याची परत देतो का? तेच इथे करायचं. नवी फाइल वेगळ्या, तात्पुरत्या नावाने लिहा. पूर्ण लिहून, बंद करून, ताळा करा. तोपर्यंत जुनीला हात लावू नका. ताळा जुळला की जुनीचं नाव बदलून ‘जुनी’ करा, नवीला खरं नाव द्या, आणि मग जुनी काढून टाका. नाव बदलणं म्हणजे फक्त दारावरची पाटी बदलणं. सामान हलत नाही, त्यामुळे ते क्षणात होतं. उतरवायला पाच मिनिटं लागत असतील तर आधी पाचही मिनिटं धोक्याची होती, आता डोळ्याच्या पापणीएवढा वेळ.

त्या पापणीएवढ्या वेळात वीज गेली तर? सुरू होताना डाउनलोडरने एक फेरफटका मारायचा: खऱ्या नावाची फाइल नाही पण ‘जुनी’ आहे, असं दिसलं की तिचं नाव पूर्ववत करायचं. तात्पुरती फाइल सापडली की विचारायचं, पुढे चालू करू की टाकून देऊ?

यात एक अवघड पेच आहे: डाउनलोडर स्वतःलाच अपडेट करत असेल तर? बसल्या फांदीवर कुऱ्हाड. वीवर नशीब असं की प्रोग्राम सुरू होताना अख्खा मेमरीत चढतो, त्यामुळे कार्डावरची स्वतःची फाइल बदलता येते. पण नेमक्या त्या क्षणी घात झाला तर फेरफटका मारायला कोणी उरत नाही. कम्प्युटरवर कार्ड लावून हाताने नाव बदलावं लागतं. निदान फाइल तरी धड असते.

तुटलं तिथून पुढे

वायफाय तुटलं की पहिल्यापासून उतरवणं कुणालाच आवडत नाही. सर्व्हरला सांगता येतं, ‘४० मेगाबाइट आलेत, त्यापुढचं दे.’ सर्व्हर राजी असेल तर २०६ या क्रमांकाचं उत्तर देऊन उरलेलाच भाग पाठवतो. राजी नसेल तर २०० म्हणून पहिल्यापासून अख्खी फाइल पाठवतो. आळशी डाउनलोडर हा क्रमांक बघतच नाही, आणि आधीच्या ४० मेगाबाइटला ती अख्खी फाइल चिकटवतो. फाइल १०० ऐवजी १४० मेगाबाइटची होते आणि उघडत नाही.

दुसरा प्रकार अधिक बेरकी. सकाळी अर्धी उतरवली, दुपारी विकासकाने नवी आवृत्ती चढवली, संध्याकाळी आपण उरलेली उतरवली. म्हणजे गेल्या वर्षीच्या पंचांगाची पहिली पानं आणि यंदाच्या पंचांगाची शेवटची पानं एकत्र शिवल्यासारखं. दिसायला पंचांग, पण एकही मुहूर्त खरा नाही. यासाठी सर्व्हर प्रत्येक फाइलसोबत एक खूण देतो. ती जपून ठेवायची आणि पुढचा भाग मागताना म्हणायचं: ‘खूण हीच असेल तर पुढचं दे, नाहीतर पहिल्यापासून.’

कार्डावर जागा दिसते, पण मावत का नाही?

फॅटमध्ये जागा सुटी मिळत नाही, ठरावीक मापाच्या डब्यांत मिळते. मोठ्या कार्डांवर हा डबा सहसा ३२ किलोबाइटचा असतो. कोथिंबिरीची एक काडी ठेवायची तरी अख्खा डबा अडतो. एखाद्या ॲपमध्ये एक-एक किलोबाइटच्या १००० फायली असतील तर मजकूर जेमतेम १ मेगाबाइट, आणि कार्डावर अडलेली जागा ३१ मेगाबाइटच्या वर. शिवाय वर सांगितलेल्या पद्धतीत काही काळ जुनी आणि नवी दोन्ही कार्डावर असतात, झिप असेल तर तीही. म्हणून डाउनलोडरने सुरुवात करण्याआधी डब्यांचा हिशेब करायचा आणि मावत नसेल तर तेव्हाच सांगायचं.

खेळाची प्रगती पुसली गेली तर?

हे मी थोडक्यात सांगतो, पण शिव्या सर्वात जास्त याच्यावरून खाव्या लागतात. अपडेट करताना प्रोग्रामच्या फायली बदलायच्या. वापरणाऱ्याने केलेल्या सेटिंग आणि सेव्ह फायली नाही. गाठोड्यात दोन्ही एकत्र येतात. त्यामुळे गाठोड्यासोबत एक यादी हवी: ही फाइल दर वेळी बदल, ही फक्त नसेल तरच ठेव. होमब्रू ॲप स्टोअरच्या गाठोड्यांत अशी यादी असते. ती नसलेल्या डाउनलोडरने माझ्या भाच्याची तीन महिन्यांची प्रगती धुऊन टाकली, आणि दोष अर्थातच माझ्यावर आला.

घड्याळ चुकलं की दार उघडत नाही

हल्ली बहुतेक सर्व्हर कुलूपबंद जोडणीने बोलतात. समोरचा सर्व्हर खराच आहे याचं प्रमाणपत्र तपासलं जातं, आणि प्रमाणपत्राला मुदत असते. कन्सोलमधला नाण्याएवढा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. मग यंत्राला वाटतं, या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही! पडद्यावर येतं ‘जोडणी झाली नाही’, आणि माणूस राउटर बंद-चालू करत बसतो. संदेशात ‘कन्सोलची तारीख तपासा’ एवढे तीन शब्द घातले तरी किती डोकी शांत होतील.

उलटंही होतं. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रांना आधार देणाऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातली अनेक जुनी यंत्रं एका रात्रीत कित्येक साइट उघडेनाशी झाली. म्हणून शहाणे विकासक कन्सोलमधल्या जुन्या यादीवर विसंबत नाहीत. प्रमाणपत्रांची ताजी यादी ॲपसोबतच देतात. आणि कुलूप अजिबात झेपत नसेल अशा यंत्रावर साध्या जोडणीने फाइल आणून सूचीवर विकासकाची डिजिटल सही तपासायची. डेबियन लिनक्स ही कम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम वर्षानुवर्षं असंच करत आलीय. पोस्टकार्ड कोणीही वाचलं तरी चालेल, खालची सही खोटी नको.

पण ही सगळी चोरीच ना?

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि रास्त आहे. होमब्रू म्हणजे लेखकाने स्वतः लिहून वाटलेला प्रोग्राम; विकत मिळणाऱ्या खेळाची चोरटी प्रत ही वेगळी वस्तू. वर नावं घेतलेल्या उपक्रमांचा भर पहिल्यावर आहे. तरी एकच उघडलेलं कुलूप दोन्हीला वाट देतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कायदा देशागणिक बदलतो. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. कॉपीराइट मोडण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यातला ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून कडक आहे. दर तीन वर्षांनी तिथे सवलती ठरतात. फोनचं कुलूप उघडायला २०१० पासून सवलत आहे, कन्सोलला तशी सरसकट सवलत मिळाली नाही; २०२१ मध्ये बिघडलेली डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरती मिळाली. मामाच्या न्यू जर्सीत आणि माझ्या घरात एकाच डब्याचं कायदेशीर भविष्य वेगळं आहे. मी वकील नाही; पैसे गुंतलेले असतील तर वकिलाला विचारा.

आणि धोका?

आहे. होमब्रूला यंत्रात मोकळं रान मिळतं. फोनवर ॲप परवानगी मागतं, तसं इथे कोणी अडवत नाही. चुकीच्या प्रोग्रामने आतली मेमरी बिघडवली तर कन्सोल सुरूच होत नाही. या मंडळींत त्याला ‘वीट झाली’ म्हणतात. वीवर बूटमी नावाच्या साधनाने आतल्या ५१२ मेगाबाइट साठवणुकीच्या मेमरीची प्रत आधीच काढून ठेवता येते, ती काढाच. डाउनलोडरकडून अपेक्षा एवढीच की आतल्या मेमरीला हात लावणारे प्रोग्राम त्याने बाकीच्यांपासून वेगळे, लाल अक्षरांत दाखवावेत. गणपतीच्या वर्गणीच्या यादीत फटाक्यांचा खर्च जसा वेगळा लिहितात.

मराठीत दिसेल का?

हौस म्हणून मी एकदा मेनू मराठी करून पाहिला. या यंत्रांवरच्या साध्या लायब्ररी (तयार कोडचे संच) अक्षरं एकामागून एक ठेवत जातात. इंग्रजीला ते चालतं. आपली पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या नंतर येते, दिसताना आधी यावी लागते. जोडाक्षरं तर वेगळीच आकृती घेतात. ‘स्थिती’ अशी काही फुटली की वाचताच येईना. अक्षरांची मांडणी करणारी हार्फबझ ही लायब्ररी जोडल्यावर मार्ग निघतो, पण कामाचा पसारा वाढतो. ते काम मी अजून पुढे ढकललेलं आहे.

तात्पुरत्या नावाचं काम मात्र केलं. डाउनलोडरच्या माझ्या प्रतीत बदल केले आणि चाचणी घ्यायला बसलो. अशा गोष्टीची चाचणी एकाच पद्धतीने होते: उतरवणं सुरू करायचं आणि ट्रान्सफॉर्मरचं बटण बंद करायचं. १० टक्क्यांवर, ५० वर, उलगडताना, नाव बदलण्याच्या आसपास. आई स्वयंपाकघरातून दोनदा ओरडली, ‘अरे, फ्यूज गेला का?’ अकराव्या वेळी लाईट परत लावली तेव्हा पडद्यावर आलं: ‘मागचं काम अर्धवट राहिलं होतं. पुढे चालू करू?’ अक्षरं इंग्रजीतच होती. मी ‘हो’ दाबलं.